भट्टीसकट माणसं

१२ सप्टेंबर, शुक्रवार

झाली सही! इंदापूरची बेकरी आता माझी. पितृपक्षात कुणी खरेदी करतं का, असं तिघांनी विचारलं, त्यात वकीलही होते. मी करते. आमचे पितर खारी खाणारे होते, रागावायचे नाहीत.

रामहरी आबा म्हणजे जुने मालक, आता पुण्याला मुलाकडे निघालेत. किल्ल्या देताना म्हणाले, "भट्टीसकट माणसं पण देतोय बरं का. सांभाळा." खटकलं. माणसं काय भट्टीच्या विटा आहेत? पण हसून घेतलं.

माणसं तीन. दादासो भट्टीवर, सत्तावीस वर्षं. रंगूबाई पीठ मळायला आणि पॅकिंगला. विशाल काउंटरवर — दोन मुलांचा बाप, तोंडाचा गोड.

मी आठवडाभर इथे खोली घेऊन राहणार, रविवारी बारामतीला घरी. नोकरीचा राजीनामा दिलाय, परतीचं दार नाही. नकोच आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

दादासोंनी विचारलं, "म्याडम, आधी कुठं व्हता?" सांगितलं, बारामतीच्या एमआयडीसीत बिस्किटांच्या कंपनीत, क्वालिटीला, चौदा वर्षं.

"म्हंजी मशिनीवर," म्हणाले आणि भट्टीकडे वळले. चौदा वर्षं एका शब्दात निकालात!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी दादासो मागच्या दारात उभं राहून कुणाला तरी फोन करतात. आज ऐकलं. "व्हय आबा. खारी जरा कमी गेली. न्हाय, त्या हायेत की, फिरत्यात."

फिरत्यात! म्हणजे मी. माझ्याच बेकरीत.

रणजितला सांगितलं. नवरा कॉलेजात शिकवतो, त्यामुळे त्याच्याकडे सल्ले तयार असतात. "जरा दमानं घे, त्यांची सवय आहे ती." दमानं घेणार नाही. सवयी बदलतात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पत्र्यांवरून वाजलं. अंड्याचा केक ज्या पत्र्यावर भाजायचा, त्याच पत्र्यावर बिनअंड्याची बिस्किटं! मधे फक्त एक फडकं फिरवायचं. अंडं न खाणारी घरं इथे कितीतरी. मी अंड्याच्या पत्र्यांना कडेला भोक पाडून तार बांधली. तारेचे पत्रे वेगळे, धुणं वेगळं.

"सत्तावीस वर्सांत कुणी इचारलं न्हाय," दादासो.

आता मी विचारतेय, म्हटलं. ते पत्रे आपटत आत गेले. पण दुपारी बघितलं तर तारेचे पत्रे वेगळे लावलेले. जिंकले!

६ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला आणि डबे सुरू झाले. बायका घरून मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात, आपण नानकटाई करून द्यायची. आबांनी बजावलं होतं — दिवाळीला जे घर डबा आणतं तेच वर्षभर पाव-खारी नेतं. डबे थांबले की बेकरीला कुलूप.

पद्धत मात्र अजब. डबेवाली बाई भट्टीसमोरच्या बाकावर ठाण मांडते. आपलं पीठ मळताना बघते, पत्रा आत जाताना बघते, नानकटाई डब्यात भरली की मगच उठते. डबा ठेवून कुणी जात नाही! आज बाकावर अकरा जणी, दारात आणखी तेवढ्याच, आणि सगळ्यांचं बोलणं एकाच वेळी. परवापासून टोकन. डबा ठेवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्या.

"बाया ठिवणार न्हाईत," दादासो म्हणाले.

ठेवतील. कंपनीत याहून लांब रांगा मोडल्यात मी.

८ ऑक्टोबर, बुधवार

ठेवले! अठरा डबे. विशालने गोड बोलून टोकनं वाटली. बाक रिकामा. दादासोंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायची लाज वाटतेय. पण केलं मीच, दुसऱ्यावर ढकलणार नाही.

कालचे अठरा डबे आज केले. सगळ्यांचं प्रमाण जवळपास एकच. मग मी सहा-सहा घरांचं पीठ, तूप, साखर एकदम पावाचं पीठ मळायच्या मशिनमध्ये घातलं, मळलं आणि वजनाप्रमाणे वाटून दिलं. कंपनीत सवयच ती. रंगूबाई म्हणाल्या, "ताई, आसं न्हाय करत." मी म्हटलं, उलट चव एकसारखी येईल. दादासो पाव काढत होते. त्यांना कळेपर्यंत सगळं मळून झालं होतं.

संध्याकाळी निमगावच्या दगडाबाई आल्या. एक नानकटाई मोडली, वास घेतला. "ह्ये माझं तूप न्हाय." घरच्या म्हशीचं लोणी महिनाभर साठवून कढवलेलं तूप त्यांचं. त्याच घाण्यात दुसऱ्या कुणाचा डालडा. "माझं तूप दुसरीच्या घरी, आन माझ्या नातवाच्या तोंडात डालडा. कुणाला इचारून?"

तासाभरात बाकीच्याही येऊन बोलून गेल्या.

दादासोंनी खांद्यावरचा टॉवेल झटकून खुंटीला लावला. "लोक माझ्या भरवशावर डबं देत्यात, म्याडम. सत्तावीस वर्सांत तूप कदी हिकडचं तिकडं झालं न्हाय." आणि गेले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दादासो भिगवणच्या एका बेकरीत भट्टीवर लागले. विशालनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

दुपारी आबांचा फोन. "पोरी, झेपंना तर सांग. दिवाळीच्या आत परत घेतो मी. दादासोबी येईल." म्हणजे बोलणी होऊन बसलीत! मी म्हटलं, आबा, भट्टी माझी आहे. थंड पडली तर माझी थंड पडेल.

रंगूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "भट्टी मला येती." तुम्हाला? कधी शिकलात? "एकोणीस वर्सं बघतीया. हात लावू दिला न्हाय कुणी, यवढंच."

मी टॉवेल खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

बारामतीला गेले नाही. दिवसभर भट्टी. रंगूबाई रद्दीचा कागद आत टाकतात आणि तो किती वेळात तपकिरी होतो त्यावरून ताव ओळखतात. पहिला पत्रा काळा, दुसरा कच्चा. तिसऱ्यातली एक नानकटाई त्यांनी उलटी करून तळ दाखवला. सोनेरी! दोघींनी उभ्याउभ्या चार-चार खाल्ल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार

विशालच्या मोटरसायकलवर मागे बसून अठरा घरं फिरले. प्रत्येक दारात तेच — चूक माझी, पीठ मी मिसळलं, पुन्हा करून देते, या वेळी तुमच्या डोळ्यांसमोर. काहींनी चहा दिला. काहींनी उंबऱ्यातच ऐकून घेतलं. एकीनं तर विचारलं, "दादासो न्हाईत तर मग हाय कोण?" मी आहे आणि रंगूबाई आहेत, म्हटलं.

दगडाबाईंचं तूप संपलंय. "म्हशीला काय सांगू आता?" म्हणाल्या. निघताना मात्र त्यांनीच विचारलं, "बाक ठिवणार न्हवं?"

ठेवणार. बाकाचं मला कळलं नव्हतं, ते कबूल. पण तारेचे पत्रेही राहणार! त्यात मी बरोबर होते आणि माफी मागून आले म्हणून ते चूक ठरत नाही. रणजितला हेच ऐकवलं. तो या वेळी सल्ला न देता "बरं" म्हणाला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पाच डबे. गेल्या वर्षी या दिवशी चाळीस होते म्हणे. मी मळते, एका वेळी एकच घर, मग परात धुते, मग दुसरं घर. रंगूबाई भाजतात. बाकावरच्या पाची जणी डोळ्यांत तेल घालून माझ्या हातांकडे बघत होत्या. बघा!

आबांचा फोन दोनदा. उचलला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नऊ डबे. दिवाळी तोंडावर आली आणि नऊ. तरी कुलूप लावणार नाही म्हणजे नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

सकाळी दार उघडलं तर पायरीवर दादासो, हातात स्टीलचा डबा. भिगवणला स्वतःच्या ताब्यात भट्टी असताना! रंगूबाई आतून बघत राहिल्या. "घरच्यांसाठी नानकटाई करायचीय," म्हणाले. "तूप घरचं हाय." मी बाकाकडे हात केला. "न्हाय, बसत न्हाय. भिगवणची एस्टी धरायचीय. सांजंला न्हेतो," म्हणाले आणि डबा माझ्या हातात ठेवून गेले.