जर्मनीसाठी भरलेला डबा

नवागाम, सुरत

ती. आईस,
मृणालचा वाकून नमस्कार.

फोन आला की तू स्पीकर लावतेस आणि अख्खी गल्ली ऐकते, म्हणून लिहितेय. मामाकडे माझं जेवणखाण व्यवस्थित आहे, काळजी नको.

जर्मनीतली पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा हातची गेली. मुलाखतीत प्राध्यापक खूश होते. कापडातले दोष ओळखायला मी कॉम्प्युटरला कसं शिकवलं, ते त्यांनी दोनदा समजून घेतलं. मग कळवलं, आमच्याकडे निधी नाही, तुमचा पगार तुम्हीच घेऊन या. अहो, तो असता तर तुमच्या दारात कशाला आले असते? ज्या बाकीच्यांना लिहिलं, ते तर उत्तरही देत नाहीत. डोकं फिरतं गं.

इथल्या कॉलेजात तासिकांवर शिकवते. माझेच विद्यार्थी नोकरी लागली की पेढे घेऊन येतात.

अप्पांचा गुडघा कसा आहे? शैलजामावशीला सांग, तिकीट कधीचं ते विचारू नकोस.

परदेशी न्यायला तू चिकटपट्टी गुंडाळून दिलेला ज्वारीच्या बिबडे-पापडांचा डबा काल मीच फोडला. मामीने तळले, सगळ्यांनी खाल्ले. खमंग झालेत. उन्हाळ्यात पुन्हा पाठव. पण चिकटपट्टी लावू नकोस.

तुझी,
मृणाल