धूरमुक्त वॉर्डाचा रोड रोलर

३० मे, सकाळ
आज माझ्या चहात राख पडली.

घटना गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. अंगणात वेताची खुर्ची, आल्याचा चहा, पहिला घोट अजून व्हायचा होता. जळक्या प्लास्टिकच्या पन्नीचा एक काळा पापुद्रा गिरक्या घेत वरून आला आणि आमचं अख्खं महाराजपुर सोडून नेमका माझ्या कपात उतरला. अशा वेळी सामान्य माणूस चमच्याने तो काढून टाकतो. मी कप खाली ठेवला आणि व्यवस्थेचा विचार सुरू केला. विनताने चमच्याने पापुद्रा काढला आणि म्हणाली, घ्या, निघाला. मी म्हणालो, प्रश्न चहाचा नाही. ती म्हणाली, मग कशाचा आहे? उत्तर तयार होतं, पण तिला खोकला आला. चर्चा तिथेच थांबली.

मागे नाला, नाल्यात डेअऱ्यांचं शेण. बाजूला रिकामा प्लॉट, त्यावर कचरा, आणि रोज सकाळी त्याला कोणीतरी काडी लावतं. नगर निगमची निवडणूक तोंडावर आहे. बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालो ते कशासाठी, हे आज कळलं.

निर्णय: पार्षदपदासाठी, म्हणजे नगरसेवक व्हायला, उभा राहतो. अपक्ष. मुद्दा एकच, धूरमुक्त वॉर्ड.

दुसरा चहा बरा झाला होता.

१ जून
गच्चीवरून पाळत ठेवली. गुन्हेगार सापडला. नाव लिहायला हात धजत नाही, पण ही वही माझीच आहे. बाबाराव!

आमचे शेजारी. दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच कांचघरहून इथे राहायला आले. मराठी मंडळाचे अध्यक्ष, वयाने वडील, सोवळे. सकाळी आंघोळ करून आपलं अंगण झाडतात, मग आपुलकीने आमच्या फाटकासमोरचंही झाडतात, सगळं प्लॉटवर नेऊन पेटवतात आणि ‘नर्मदे हर’ म्हणून हात जोडतात. याला ते स्वच्छता म्हणतात.

विनता म्हणाली, मग जा आणि सांगा त्यांना. एक वाक्य तर आहे. मी म्हणालो, सांगतो, योग्य वेळी. ती म्हणाली, मीच सांगते. मी म्हणालो, उमेदवाराच्या बायकोने असं काही बोलायचं नसतं.

३ जून
सांगायला गेलो होतो. खरंच गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत बाबारावांनी मिठी मारली. अरे शरद, उभा राहून राहिला म्हणे! मला सांगितलं काहून नाही? मंडळ तुझ्या पाठीशी आहे लेका, आपले घरं पक्के समज! तिथल्या तिथे ते माझे प्रचारप्रमुख झाले आणि मला श्रीखंड खायला घातलं.

श्रीखंड तोंडात असताना माणूस धुराविषयी बोलू शकत नाही.

विनताला समजावलं की हा विषय फक्त पुढे ढकलला आहे. निकाल लागला की त्याच दिवशी सांगेन, पार्षद म्हणून, अधिकाराने. ती म्हणाली, निकाल कधी? म्हटलं, सतरा जुलै. ती उठून बेडरूमची खिडकी लावून आली. जूनच्या उकाड्यात! कूलरचं सगळं शास्त्र वाया.

१३ जून
नामांकन भरलं. माझ्या मिरवणुकीत मी, बाबाराव, आणि ज्याच्या ऑटोने गेलो तो अनुपम. अनुपमला थांबायचे पैसे हवे होते म्हणून तो शेवटपर्यंत होता, पण घोषणा मनापासून दिल्या.

प्रतिस्पर्धी योगेंद्र ढोलताशे आणि मोटरसायकली घेऊन आला होता. मला पाहून सरळ पायाशी वाकला. आशीर्वाद दीजिए चाचाजी. संस्कार आडवे आले, दिला. संध्याकाळी तो फोटो कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. खाली लिहिलं होतं: ‘वरिष्ठ नागरिकों का भी समर्थन.’

मी चौपन्न वर्षांचा आहे.

२२ जून
चिन्ह मिळालं. मागितलं होतं झाड, नाहीतर पंखा. मिळाला रोड रोलर.

आधी वाईट वाटलं. मग विचार केला, कचरा सपाट करणारं यंत्र, प्रतीक म्हणून वाईट नाही. विनताला सांगितलं तर ती इतकी हसली की लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तशी हसल्याचं आठवत नाही. धुराविरुद्ध रोड रोलर! हसता हसता खोकला सुरू झाला तो थांबेना. ओट्याला धरून खाली फरशीवर बसली. पाणी दिलं. जरा वेळाने म्हणाली, डॉक्टरांनी मागेच सांगितलंय, धुरापासून लांब राहा म्हणून.

म्हटलं, माझ्या जाहीरनाम्यात हेच आहे! आणि वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर तिचे डोळे मिटले. हे मी समर्थन धरतो.

२६ जून, रविवार
आजचा दिवस सोन्याचा. मंडळाच्या हॉलमध्ये माझं भाषण. हॉल भरलेला. सिविल लाइंसहून, कांचघरहून, कुठून कुठून मराठी माणूस आला. ‘श्वास हा मतदाराचा मूलभूत हक्क आहे’ या वाक्याला टाळ्या. कांचघरच्या सुरेखाताई डोळे पुसत म्हणाल्या, शरदभाऊ, आमच्याकडचं एकन् एक मत रोड रोलरला, मी घरोघर सांगते.

घरी येऊन हिशेब मांडला. मी हरायचं ठरवलं तरी हरू शकत नाही.

विनता आली नव्हती. दम लागतो म्हणाली. हॉलचा जिना फक्त एका मजल्याचा आहे.

२८ जून
पाऊस सुरू झाला. वाटलं, आता आपोआप थांबेल. बाबारावांनी ढिगाऱ्यावर पत्र्याचा आडोसा केला. ओला कचरा पेटत नाही, नुसता धुमसतो. पूर्वी धूर अर्धा तास असायचा, आता दुपारपर्यंत.

आणखी एक. माझी पत्रकं वाटायचं काम बाबारावांकडे होतं. आज तुळशीच्या कुंडीत माझा अर्धा चेहरा सापडला, जळका. खाली ‘धुआँ-मु’ एवढीच अक्षरं. विचारलं तर बाबाराव म्हणाले, उरलेले गठ्ठे भिजून गेले रे, तुझा फोटो लोकांच्या पायाखाली यायला नको म्हणून अग्नी दिला.

भावना समजून घ्यायला हवी.

३० जून
नाल्याकाठी कोपरा सभा घेतली. श्रोते: अनुपम, दोन म्हातारे, आणि डेअरीच्या म्हशी, ज्या शेवटपर्यंत बसून होत्या. नाल्याचा विषय निघताच एक म्हातारा म्हणाला, भैयाजी, नाला तो हर पाँच साल में एक बार साफ होता है, भाषण में. लोक जागे होत आहेत.

घरी आलो तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, भाभीजींना श्वास लागला, अस्पताल नेलंय. मला फोन लावला होता, पण सभेसाठी मी तो बंद केला होता. बाबाराव मंडळात. गल्लीत योगेंद्रच्या प्रचाराची जीप उभी होती, त्याची बायको हेमलता त्यात होती. तिने विनताला उचलून जीपमध्ये घातलं. ड्रायव्हरच्या घाईत भोंगा बंद करायचा राहिला. अस्पतालपर्यंत योगेंद्रचं गाणं वाजत गेलं.

संध्याकाळी घरी सोडलं. दमा आहे. हेमलताने स्वतःच्या घरचं वाफेचं मशीन आणून दिलं, तिच्या सासऱ्यांचं. कसं लावायचं तेही दाखवून गेली. मी कोपऱ्यात उभा होतो. आचारसंहितेप्रमाणे प्रचाराच्या गाडीतून मतदाराची ने-आण करता येते का, हे तपासायला हवं होतं. तक्रार करता आली असती. केली नाही. मनाचा मोठेपणा.

तोंडावर मास्क लावून विनता बसली होती. मशीन गुरगुरत होतं. म्हटलं, कसं होतं त्याचं गाणं? मास्क बाजूला करून म्हणाली, चाल चांगली आहे.

२ जुलै
चिन्मयी नागपूरहून आली आणि आईला घेऊन गेली. घरात पाऊल टाकताच तिने नाकाला ओढणी लावली. लेकीने बापाच्या घरात असं करू नये. मग विचारलं, बाबा, अजून तुम्ही बाबाराव काकांना सांगितलं नाही? मी सगळं राजकारण नीट समजावून सांगितलं. मराठी मतं, प्रचारप्रमुख, निकाल, अधिकार. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, काहून?

पुण्यामुंबईची पोरगी असती तर वाद घातला असता. हिने एका शब्दात सोडून दिलं.

हेमलताचं मशीन इथेच राहिलं. चिन्मयीने आईसाठी नवीन घेतलंय. फाटकाशी विनता म्हणाली, माझं मत राहिलं हो तुम्हाला द्यायचं. म्हटलं, एका मताने काय होतं? इथे लाट आहे.

प्लॉटवर पत्र्याखाली धुमसत होतं. ती पदर तोंडाशी धरून ऑटोत बसली. मागे वळून पाहिलं की नाही, धुरामुळे नीट दिसलं नाही.

६ जुलै, मतदान
सकाळीच मत दिलं. यंत्रावर आपलं नाव पाहून ऊर भरून आला.

परत येतो तर बाबाराव धोतर-टोपीत स्कूटर काढत होते. म्हटलं, बूथ तर इकडे, शाळेत. म्हणाले, आपलं नाव कांचघरच्या यादीतच आहे रे अजून, बदलायचं राहून गेलं. पण तू चिंता करू नको बेटा, रोड रोलरच दाबतो!

मी फाटक धरून उभा राहिलो.

मग फोन सुरू झाले. सिविल लाइंसहून मंडळाचे खजिनदार: दाबला बरं का रोड रोलर! कांचघरहून सुरेखाताई: शरदभाऊ, आमची अख्खी गल्ली रोड रोलर! ज्यांनी त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या, त्यातलं माझ्या वॉर्डात कोण राहतं, याचा विचार मी केला नव्हता. त्यांनीही नाही. एकत्र जमलो की आपण सगळे एकाच वॉर्डातले, असं आम्हाला वाटतं. प्रत्येक वॉर्डात रोड रोलर कोणा वेगळ्याचा असतो.

सगळ्यांना धन्यवाद दिले. दुसरं काय देणार?

रात्री झोपताना हिशेब पुन्हा मांडला. अजून आशा आहे. म्हातारे आहेत, अनुपम आहे.

१७ जुलै, निकाल
योगेंद्र निवडून आला. ‘नोटा’ माझ्या पुढे आहे. माझी मतं आकड्यात लिहीत नाही, बोटांवर मोजता येतात म्हणून. अनुपमचा फोन आला होता. चाचाजी, हमारा नाम तो बरगी में है, पर दिल से आपके साथ थे.

कांचघरच्या रोड रोलरने मात्र कमाल केली. भंगारवाला आहे, तारांचं रबर जाळून तांबं काढतो. निवडून आला नाही, पण डिपॉझिट वाचलं. कोणत्या समाजाने आपल्याला इतकं उचलून धरलं हे त्याला समजत नाहीये म्हणे. मंडळाने त्याचा सत्कार करावा.

विनताला फोन केला. पडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, असू द्या. मग म्हणाली, सांगितलं काय त्यांना?

१८ जुलै, सकाळ
सांगितलं.

बाबाराव काडीपेटी घेऊन निघाले होते. म्हटलं, बाबाराव, या धुराचा विनताला फार त्रास होतो. एवढंच. एक वाक्य होतं, ती म्हणाली होती तेवढंच.

त्यांच्या हातातली काडीपेटी तशीच राहिली. अरे! तिला? माझ्या धुराने? आधी सांगायचं नं रे, लेकीसारखी आहे ती! मग स्वतःच बादली आणली, ढिगावर ओतली, पुन्हा आणली, पुन्हा ओतली. डोळे ओले होते त्यांचे. म्हणाले, एवढंच होतं तर इतके दिवस काहून थांबला?

म्हटलं, निवडणूक होती.

२४ जुलै
धूर नाही. आठवडा झाला. अंगणात चहा घेतला, कप स्वच्छ. निगमची गाडी येते, बाबाराव तिच्यात कचरा टाकतात, आमचाही टाकतात. वॉर्डात नाही, पण दोन घरांपुरता जाहीरनामा अमलात आला. हे विनताला सांगायला फोन केला.

सगळं ऐकून ती म्हणाली, छान झालं. म्हटलं, मग कधीचं तिकीट काढू?  मागे चिन्मयीच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, इथे रात्रभर झोप लागते हो. उठून बसावं लागत नाही. तिथे आले तर मी आधी खिडकीच लावीन, मला माहीत आहे. हवा चांगली झाली तरी लावीन.

म्हटलं, काही दिवस राहा मग. ती म्हणाली, चिन्मयीने माझी खोली लावून दिलीय. तुम्ही या कधी. आठ दिवस आधी कळवा.

२५ जुलै, संध्याकाळ
कपाट आवरताना हेमलताचं मशीन दिसलं. पुसलं, नळी धुऊन वाळवली, मास्क पिशवीत घातला. दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करायची नाही, हा विनताचा नियम. घरात काही करून ठेवणारं कोणी नाही. डब्यात गूळ होता, त्याचा एक मोठा खडा कागदात बांधून सोबत ठेवला.

योगेंद्र घरी नव्हता, सत्काराला गेला होता. हेमलताने दार उघडलं. भाभीजी ठीक हो गईं? म्हटलं, हाँ, नागपुर में ठीक हैं. ती म्हणाली, अरे तो अभी रखिए न चाचाजी, लौटेंगी तो काम आएगी.

म्हटलं, नहीं बेटा. अब यहाँ काम नहीं पड़ेगा.

तिने पिशवी घेतली. गूळ काढून आत नेला. मी चपला घातल्या आणि आलो.