रेशमाच्या शेडमध्ये शिट्टी मारणारं यंत्र

॥ श्री ॥
मस्तगड, जालना

आदरणीय दाजी, राधाकिसनचा वाकून नमस्कार. गोजराक्काचे गुडघे, तुमचा खोकला आणि शेडमधल्या रेशीमअळ्या, सगळ्यांची प्रकृती ठीक असावी. (खोकला बरा झाल्याचं परवा फोनवरच्या तुमच्या आवाजावरून कळलंच.)

तुम्ही म्हणालात, "यंत्र शिट्ट्या मारून राह्यलं. अळ्यांनी पाला खायचा का गाणं ऐकायचं? पोरीला अमावास्येच्या आत मंठ्याला धाडा. हे काम तिच्यानं होत न्हाई." आकांक्षा तुमची लेक खरी, पण दीड वर्ष माझ्या दुकानात सेन्सरचे ड्रायव्हर लिहिते, आणि यंत्रही आमच्याच दुकानातलं, म्हणून हा खुलासा.

ड्रायव्हर म्हणजे सेन्सरनं मोजलेलं यंत्रातल्या चिपला पोचवणारा छोटा प्रोग्रॅम. चिपच्या मेमरीत चार-चार घरांच्या रांगा असतात. शेडमधल्या उष्णतेची किंवा ओलाव्याची एक नोंद चार घरं घेते आणि ती रांगेच्या पहिल्याच घरापासून बसावी लागते. दुकानातला कॉम्प्युटर जुन्या जालन्यातल्या ऑटोसारखा, कुणी कसंही बसा, चला. म्हणून इथं सगळं बराबर चाललं. तुमच्या यंत्रातली चिप मात्र मानी पाहुण्यासारखी. नोंद रांगेच्या मधूनच सुरू झाली की रुसून बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि सुरू होताना शिट्टी मारते. (हा प्रकार तुम्हाला नवा नसावा. आमच्या अंगदच्या लग्नात आहेराचा टॉवेल आखूड निघाला, तेव्हा तुम्ही तीनदा मांडवाबाहेर जाऊन आला होता.)

तुमच्याकडे तज्ज्ञांची उणीव नाही, हे माझं भाग्य. रामरावांनी यंत्र उलटं टांगून पाहिलं. झुंबरकाकूंनी दृष्ट लागली म्हणून त्याच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली. तुम्ही बॅटरी उन्हात वाळवलीत. एवढ्या उपचारांनंतरही ते नुसती शिट्टीच मारतं, यात त्याचा सोशिकपणा दिसतो. इकडे मी आठ दिवस प्रोग्रॅम तपासला आणि आकांक्षाला दोनदा बोललोसुद्धा. ती खाली मान घालून "हो मामा" म्हणत राहिली. आजकालच्या पोरांचं कामात लक्ष नसतं, हे तुमचं मत मला तेव्हा पटलं होतं.

असो. दोष सापडला आहे. हे पत्र घेऊन येणारा अंगद नवा प्रोग्रॅम भरून देईल.

आपला,
राधाकिसन

ता.क. दोष कुणाचा, ते लिहायचं राहिलं. देवाचं नाव घेतल्याशिवाय काहीही लिहायला घ्यायचं नाही, ही गावच्या शाळेतली शिकवण. त्याप्रमाणे सेन्सरच्या नोंदींच्या माथ्यावर मी ॐ घातला होता. ॐ मेमरीत तीन घरं घेतो. पहिली नोंद चौथ्या घरापासून, आणि तिच्यामागची प्रत्येक तशीच. मी सगळ्या ओळी तपासल्या, ती एक सोडून. देवावर कोण संशय घेतो?

ता.क. दुसरं. आकांक्षाला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुमचा फोन झाल्यावर तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "मंग आठ दिवस गप का बसलीस?" तर म्हणाली, "मामा, तुम्ही लिहिलेलं देवाचं नाव मी कसं पुसू?" तोडगाही तिचाच. ॐच्या जागी श्री. श्री म्हणजे श, पायमोड, र आणि वेलांटी; चौघं मिळून बारा घरं घेतात, म्हणजे तीन रांगा पुऱ्या. देव राहिला, नोंदही जागेवर बसली. (माझ्या पत्राच्या माथ्यावर या खेपेला ॐ का नाही, ते आता कळलं असेल.)

ता.क. तिसरं, आणि पत्र खरं तर यासाठीच. लिंबू काढून टाका. यंत्र आता खरं बोलतं, लिंबाचा ओलावा शेडच्या नावावर सांगेल. आणि पोरीला बोलावू नका. ती गेली, तर माझ्या भक्तीवर लक्ष ठेवायला इथं कुणी उरत नाही.