एम्सच्या झऱ्यापाशी मी काय पाहिलं

८ जुलै १८७०

ठरलं! सप्टेंबरात लग्न! वेंडेलीनने आज झऱ्याचं औषधी पाणी प्यायला आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोरच विचारलं — एका हातात पाहुण्यांना फिरवायच्या गाढवाचा लगाम, दुसऱ्या हातात माझा हात. मी हो म्हणायच्या आधी गाढवच ओरडलं! क्लेमांस तर पोट धरून हसली. रोज सकाळी तिच्या फ्रेंच बाईसाहेबांसाठी झऱ्याचं पाणी न्यायला येते; पेले भरता भरता आमची मैत्री झाली. म्हणाली, "लोनी, मुलगा चांगलाय, पण आधी होकार कोणी दिला ते विसरू नकोस!"

१३ जुलै

सकाळी पाणी देत होते, तर आपले प्रशियाचे महाराज फिरायला आलेले. फ्रान्सचा राजदूत त्यांच्यापाशी गेला. स्पेनच्या गादीवर कोणी बसायचं यावरून दोन्ही देशांत कुरबूर चाललीय म्हणे. दोघं थोडं बोलले, महाराजांनी टोपी उचलली, निघाले. झालं! क्लेमांस म्हणाली, "नाश्ता राहिला असेल बिचाऱ्यांचा."

झग्याला फीत निळी की पांढरी? निळी!!

१४ जुलै

बर्लिनहून बातमी आली — महाराजांनी राजदूताला पुन्हा भेटायला साफ नकार दिला! राजदूताने काहीतरी उद्धटपणा केला असणार, म्हणून गाव नुसतं उकळतंय. बेकरीत मालक म्हणाले, "अगं, तू तर तिथेच होतीस! काय झालं, सांग की!" सगळे गप्प. माझं ऐकायला आजवर कोणी गप्प बसलंय का कधी? टोपी उचलली — एवढंच कसं सांगणार? म्हटलं, "राजदूताने आवाज चढवला." केवढा गलका!

दुपारपर्यंत त्याने पाय आपटला होता. संध्याकाळी महाराजांच्या नाकासमोर बोट नाचवलं होतं. मला केक फुकट!

१५ जुलै

महाराज गेले. फ्रेंच पाहुणेही सामान बांधतायत. क्लेमांस निरोप घ्यायला आली.

"मी तुझ्या शेजारीच उभी होते, लोनी. कुठलं बोट?"

"गंमत गं!"

हसली नाही. पाणी न घेताच गेली.

थोडं रडू आलं. पण तेवढ्यात गावच्या डॉक्टरांच्या पत्नी चार पाहुण्यांना घेऊन आल्या — "हीच ती मुलगी!"

१६ जुलै

आज सहा वेळा सांगितलं. वेंडेलीनने पहिल्यांदाच ऐकलं, बेकरीच्या दारात उभं राहून. मी बोट नाचवून दाखवलं, टाळ्या पडल्या — आणि मी त्याला डोळा मारला!

१९ जुलै

युद्ध! फ्रान्सने पुकारलं! बँड, झेंडे, रस्त्यात नाच. गल्लीतल्या पोरी रडतायत, मी मात्र निर्धास्त — वेंडेलीन विधवा आईचा एकुलता एक, त्याला लष्करातून सूट आहे. आज मी तिघांबरोबर नाचले. तो कोपऱ्यात बसून नुसता बघत होता. जळला असणार. वेडा!

२१ जुलै

वेंडेलीन कोब्लेंझला जाऊन स्वतःहून सैन्यात नाव नोंदवून आला. त्याची आई उंबऱ्यावरच खाली बसली. मला म्हणाला, "तुझ्या डोळ्यांदेखत आपल्या महाराजांचा असा अपमान झाला, आणि मी इथे गाढवं हाकत बसू?"

मी तोंड उघडलं. इतका ताठ उभा होता तो — इतका आनंदात —

"लवकर ये," म्हटलं.