रडलीस व्हय?

गुरुवार, दिवेलागणीची वेळ

शेजारच्या मळ्यात ऊसतोड संपली, आज त्यांनी पाचट पेटवलं. धुरामुळे माझ्या डोळ्यांच्या दुखण्यानं परत उचल खाल्ली. पापणी हलली की आत वाळू घासते. सासूबाई म्हणाल्या, “कांदा चीर, पाणी यील डोळ्याला.” चिरला. आग तेवढी झाली, पाणी नाही. मग फ्रिजमधली थेंबांची बाटली काढली, तेवढ्यात ह्यांचा फौजेतून व्हिडिओ कॉल. तिकडं डोंगरात रेंज कधी जाईल नेम नाही. बाटली तशीच हातात.

पहिलंच विचारलं, “डोळं लाल झाल्यात. रडलीस व्हय?”

सांगायला हवं होतं, की डोळे कोरडे पडलेत, रडताच येत नाही, तीच तर अडचण. पण त्यांचा आवाज असा मऊ झाला... “आगं येडे, यात्रेला येतोय की.” मी नुसती मान हलवली. का नाही सांगितलं? स्क्रीनकडं बघवत नव्हतं, तरी डोळे मिटले नाहीत.

रेंज गेली. बाटली मुठीत गरम झाली होती. थेंब घातले, ते गालावर ओघळले. पुसावेसे वाटले नाहीत.