मशीनपुढचं निरांजन

अहो,

आज पाचवी माळ. तुमचं वर्षश्राद्ध श्रावणात झालं, म्हणून यंदा घट बसवला. परवा सातव्या माळेला मला निलंग्याला जायचंय, तुमच्या संघटनेच्या बैठकीत बोलायला. हसू नका. शाळा सोडल्यापासून मी चार माणसांपुढं उभी राहिले नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुमच्या संघटनेच्या बिरादार साहेबांनाही मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

तिथं मी एक गोष्ट सांगणार आहे, जी तुम्हाला कधी सांगितली नाही. परक्यांना आधी कळावी आणि तुम्हाला नंतर, हे मनाला पटेना. म्हणून दुपारची भांडी आवरली आणि लिहायला बसले.

तुमची संघटना म्हणजे मला सुरुवातीला सवतच वाटायची. पंपांचे मॅनेजर, टँकरचे ड्रायव्हर, मशीन दुरुस्त करणारे मेकॅनिक, सगळे आपणहून जमलेले. पेट्रोलपायी कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. आठवडाभर नायगावच्या पंपावर उभं राहायचं आणि रविवार आला की भाकरी बांधून मुखेड नाहीतर निलंग्याची एसटी धरायची. तिथल्या पंपावर जाऊन काय बघायचं, तर वाळूच्या बादल्या. टँकर रिकामा करताना त्याला जमिनीशी जोडायची ती तार. घरी आलात की तुम्ही सांगायचात आणि मी वहीत लिहायची, कारण तुमचं अक्षर तुम्हालाच लागायचं नाही. "तार तुटकी. बादलीत वाळू कमी, पानाच्या पिचकाऱ्या जास्त." हे असंच लिही म्हणायचात. मी लिहायची.

टेरिलीनचे शर्ट आठवतात? नांदेडच्या सेलमधून दोन आणले होते, स्वस्त आणि इस्त्री नको म्हणून. तुम्ही हातात धरून नुसते बघत राहिलात.

"अगं, हे अंगाला घासलं की ठिणगी पडती. मी टँकरपाशी उभा राहणारा माणूस."

"मग लग्नाकार्यात घाला."

"घालतो. नवरदेव टँकरमधून आला न्हाई म्हंजे झालं."

दोन लग्नांत घातलेत तेवढेच. बाकी आयुष्यभर सुती. त्या सुती शर्टांच्या इस्त्रीला किती कोळसे जळले, त्याचा तुम्ही कधी विचार केलात का?

असो. मुद्द्यावर येते.

आपल्या पंपावर खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. शेतकरी औताची करतो, शिंपी मशीनची करतो, तशी तुमच्या माणसांनी पेट्रोलच्या मशीनची करायची. झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ, आणि मग कापूर लावून आरती. मालकीणबाई नांदेडला राहायच्या, म्हणून आरतीचं ताट माझ्या हातात यायचं. मला त्याचा लई अभिमान होता. नऊ दिवसांचे उपास, अनवाणी पाय, नवी नाही तरी धुतलेली इरकल, आणि सगळी शिफ्ट हात जोडून उभी. वर्षातून एकदा मी मॅनेजरची बायको व्हायची.

आणि त्या वर्षी तुम्ही लातूरहून संघटनेचं शिबिर करून आलात. मी निरांजन लावून मशीनकडं निघाले तर सगळ्यांच्या देखत म्हणालात, "विझव ते आधी."

मला वाटलं थट्टा करताय.

"विझव म्हणतो ना. इथून पुढं पंपावर काडी पेटणार न्हाई. देवाची असो की बिडीची."

देवाची असो की बिडीची! माझं निरांजन आणि त्या ड्रायव्हरांची बिडी तुम्ही एका पंगतीला बसवलीत. मागून कुणीतरी बोललं, "साहेबांनी लातुरात देवच सोडला वाटतं." मी पदरानं ज्योत विझवली आणि घरी आले. आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. वाढत होते, पण बोलले नाही. तुम्ही दोनदा समजावायला आलात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, डोळ्याला दिसत नाही, असं काहीतरी सांगत होतात. मी कान बंद केले होते. जे दिसत नाही त्याला भ्यायचं तर मग दिसत नाही त्या देवाला का नाही, असं माझ्या मनात.

पुढच्या वर्षी खंडेनवमीलाच तुमची लातूरला बैठक लागली. सकाळी जाताना दारातून म्हणालात, "पंपावर फुलं तेवढी वाहून ये."

मी निरांजन घेऊन गेले.

हेच सांगायचं होतं. 

गणपत भाऊ शिफ्टवर होते. तुमच्याहून चार वर्षांनी मोठे, तुम्ही सांगाल ते ऐकणारे. ताटातला दिवा बघून आडवे आले.

"वैनी, साहेबांनी न्हाई म्हणून सांगितलंय."

"साहेब लातूरला हायत."

"आन् आल्यावर?"

"आल्यावर तुम्ही सांगणार हाव का?"

ते बाजूला झाले. काय करणार, मॅनेजरची बायको. टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता, वास नाकात बसत होता. मला तो पंपाचा नेहमीचा वास वाटला. मी मशीनपुढं बसले, निरांजन खाली जमिनीवर ठेवलं, नैवेद्य दाखवला, पूर्ण आरती म्हटली. कापूर लावला नाही, तो घरी विसरला होता. विसरला नसता तर तोही लावला असता. वारं चांगलं सुटलं होतं, ज्योत दोनदा विझली आणि दोनदा मी परत लावली. वाऱ्यावर चिडले होते मी.

काही झालं नाही. घरी येताना छाती भरून आली होती. देवीनं राखलं, आणि तुमचं शिबिर खोटं पडलं, असं वाटत होतं. संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारलंत, "गेलतीस का पंपावर?"

"फुलं वाहून आले," म्हटलं.

खोटं नव्हतं. फुलं वाहिलीच होती.

पुढं उन्हाळ्यात मी ताईकडं मुखेडला गेले होते आणि त्या रविवारी तुम्ही तिथल्याच पंपावर. परत जाताना सोबत होईल म्हणून मी पंपावर येऊन बसले. पंपामागच्या मोकळ्या रानात, मशीनपासून लांब, तुम्ही पत्र्याची एक लांब पन्हळ तिरकी लावली होती. खालच्या टोकाला एक पणती जळत होती. वरच्या टोकाला पेट्रोलचा जरासा ओला फडका. मधे माझ्या आठ-दहा पावलांचं अंतर. बिरादार साहेब वाळूची बादली घेऊन शेजारी उभे. जमलेली माणसं म्हणत होती, साहेब, एवढ्या लांब कसं पेटंल?

तुम्ही नुसतं हातानं खुणावलंत, थांबा. पणती आपली शांत जळत होती. मी मनात शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं, तेवढं मोजूनही झालं नाही. एकदम भप्प झालं आणि ज्योत पन्हळीतून वर पळाली. धावत गेल्यासारखी. आणि तो फडका पेटला, ज्याला कुणी हात लावला नव्हता.

बिरादार साहेबांनी वाळू टाकली. लोक मागं सरले, मग हसले. मी खाली बसले होते. माझ्या डोळ्यांपुढं पणती नव्हती, माझं निरांजन होतं. जमिनीवर. मशीनपुढं. आणि हातभर अंतरावर गणपत भाऊ हात जोडून उभे, घरात तीन लेकी असलेले.

तुम्ही पाणी घेऊन आलात. "ऊन लागलं का?"

"हाव," म्हटलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही रागावला नसता, तेच तर अवघड होतं. तुम्ही माझ्याकडं बघून गप्प बसला असता आणि ते मला सोसलं नसतं. त्यानंतर दर नवमीला मी नुसती फुलं नेली, एका शब्दानं वाद घातला नाही. तुम्हाला वाटलं तुमचं समजावणं मला पटलं. गावोगाव सांगत फिरलात, "आमच्या घरातनंच सुरुवात झाली. मंडळी इतकी देवभोळी, पण पहिल्या वर्षीच ऐकलं." बिरादार साहेबांनीच मला हे कौतुकानं सांगितलं. मी मान खाली घालून चहा गाळत राहिले. तुमचा एवढा आनंद मोडायचा धीर झाला नाही. तुम्ही तरी एकदा विचारायचं होतं की, अगं, तू एवढी हट्टी, अशी एकदम कशी वळलीस? मॅनेजर असून एवढी साधी चौकशी नाही केलीत.

गेल्या वर्षी तुम्ही गेल्याच्या दुःखात पंपावर पूजा केली नाही. यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी माणिकराव घरी आले. मालकांचे चिरंजीव, वडिलांच्या मागं आता तेच पंप बघतात. सोबत बिरादार साहेब आणि संघटनेची दोन माणसं. तुमचा मोठा फोटो करून आणला होता, चंदनाचा हार घातलेला.

"काकू, यंदा साहेबांचा फोटो मशीनपाशी ठेवणार. आन् आरती तुमच्या हातानं. लोक काय का म्हणंनात."

विधवेच्या हातानं आरती, हे म्हणायला त्यांना किती धाडस लागलं असेल ते मला कळलं. डोळे भरून आले. मी बिरादार साहेबांकडं बघितलं, ते काहीतरी बोलतील म्हणून. ते फरशीकडं बघत होते. तुमच्या संघटनेची माणसं, आणि तुमच्या फोटोपुढं, तुमच्या मशीनपाशी दिवा लागायची गोष्ट चालली होती तरी एकाच्या तोंडून शब्द निघेना. माझं मन दुखेल म्हणून.

"आरती करायची न्हाई," मी म्हटलं.

माणिकराव चपापले. "काकू, लोकांचं मनावर घेऊ नका."

"लोकांचं न्हाई. दिव्याचं. फोटो हापिसात लावा, मशीनला हार घाला, मी फुलं घेऊन येते. ज्योत पंपावर येणार न्हाई."

"मग देवाचं काय, काकू? दिव्याबिगर पूजा कशी?"

"माझ्या घरी घटापुढं नंदादीप हाय. त्यात तुमच्या मशीनच्या नावानं एक वात जास्तीची घालते. देवीला पत्ता माहीत हाय."

तेव्हा कुठं बिरादार साहेब हसले, आणि मग खरं बोलले. तुम्ही गेल्यापासून निलंग्याकडच्या दोन-तीन पंपांवर कापूर परत सुरू झालाय. ते बोलायला गेले की मालक म्हणतात, तुम्हाला देवधर्म नाही, तुम्हाला काय कळतंय. तुम्ही होतात तोवर तुमच्या शब्दाला मान होता. "वहिनी, तुमचे उपास-तापास सगळ्यांना ठाऊक हायत. तुम्हाला कुणी तसं म्हणणार न्हाई. सातव्या माळेच्या बैठकीला घरच्या बायका पण बोलावल्यात. ताट त्यांच्याच हातात असतंय."

ते बरोबर बोलले. ताट आमच्या हातात असतं. तुम्ही इतकी वर्षं गड्यांना समजावलंत, बायकांना कधी बोलावलं नाहीत. ही तुमची चूक, आज सांगून टाकते.

मी हो म्हटलं. त्यांना वाटतंय मी जाऊन सांगणार की देवाला फुलं चालतात, मन शुद्ध असलं की पुरे. तेही सांगीन. पण तेवढ्यानं कुणी ऐकणार नाही. मी ऐकलं होतं का? तुम्ही दोनदा समजावलंत तरी निरांजन घेऊन गेलेच ना?

तुम्ही पंपावर बोलताना चूक सांगायचात, नाव सांगायचा नाहीत. "एका गावात एका माणसानं," असं सुरू करायचात. नाव फोडलं तर उद्या कुणी खरं बोलणार नाही म्हणायचात, आणि ते खरंच होतं. पण परवा मी "एका बाईनं" म्हटलं तर समोरच्या बायका मनात म्हणतील, असंल कुणीतरी अडाणी. मग घरी जाऊन कापराची वडी ताटात ठेवतील.

म्हणून तुमची परवानगी मागत नाही, फक्त कळवते. आमच्या घरातनं सुरुवात झाली असं तुम्ही ज्या निलंग्यात अभिमानानं सांगितलंत, तिथंच ते खोटं ठरणार आहे. तुमच्या शब्दाला उणेपणा येईल. मला त्याचं लई वाईट वाटून राहिलंय. पण गणपत भाऊंसारखं हात जोडून उभं राहणारं माणूस त्या पंपांवर पण असंल, आणि त्याच्यापुढं तुमचा मान मोठा धरला तर तुम्हालाच आवडणार नाही, एवढी मी तुम्हाला ओळखते. काल गणपत भाऊंकडं जाऊन त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "वैनी, साहेबांना मी एका शब्दानं बोललो न्हाई." इतकी वर्षं ते ओझं त्यांनीही वागवलं.

आता तुम्हाला वचन देते. परवा उभी राहीन तेव्हा शब्द मागंपुढं होतील. पण 'मी' म्हणून सांगीन. माझं नाव सांगीन. आणि लग्नातल्या उखाण्यानंतर आजवर जे तोंडानं उच्चारलं नाही, ते तुमचं नाव घेऊन सांगीन की यांच्या बायकोनं, यांच्या पाठीमागं, पंपावर दिवा लावला होता.

तुमची,
सुमन