अग्निशामकाशिवाय उडालेलं जहाज

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, लिफ्ट-दुरुस्तीच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. धाकट्या भावाला तरीही शंका असेल, तर इलाज नाही.

१. राहतं घर आणि शिल्लक मुलीला.

२. पान्यांची पेटी जावयाला. पाने वापरावेत, नुसते पुसून ठेवू नयेत.

३. कॉम्प्युटर, हेडफोन आणि हवाई जहाजांच्या लढाईच्या गेममधलं माझं खातं. पती वारल्यावर भावानेच मला हा गेम लावून दिला. मोठ्या फुग्याखाली लटकणारं जहाज; भाऊ कप्तान, मुलगी-जावई तोफांवर, मी मेकॅनिक. मेकॅनिकला तीनच हत्यारं नेता येतात. मी ठोकायला हातोडा, मोडलेलं पुन्हा उभं करायला पाना आणि अग्निशामक नेत असे. सगळे एकदम इंजिनाकडे धावू नका, एकाने फुग्यापाशी थांबा, हे सांगून सांगून सहा वर्षं घसा कोरडा केला. ऐकतो कोण!

स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात भाऊ म्हणाला, "ताई, अग्निशामक राहू दे. तोफांचा जोर वाढवणारं हत्यार घे."

"आणि आग लागली तर?"

"मी लागू देतोय होय!"

चौथ्या मिनिटाला फुगा पेटला. जहाज डोंगरावर आपटलं, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताईचा हात आता चालत नाही." चाळीस वर्षं लिफ्टा चालू ठेवलेल्या हाताबद्दल! त्यानंतर दीड वर्ष मी त्याच्याशी बोलले नाही.

तरीही खातं भावालाच. अट एकच: त्याने कप्तान न होता मेकॅनिक व्हावं. कळू दे धावपळ.

४. आज मुलीने मला न विचारता मामालाच साक्षीदार म्हणून बोलावलं. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार आहे, त्यांची सही चालणार नाही."

"मला? मला काय ठेवलंय?" त्याने कलम तीन दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. "ताई, अग्निशामक मीच मागे ठेवायला लावला होता. तुझ्या हातात काही खोट नव्हती."

एवढं म्हणायला दीड वर्ष! हे शब्द जसेच्या तसे घाला, असं मी सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याने गरज नाही. मला आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
सोमवार, ९ नोव्हेंबर
(सही) मृत्युपत्र करणारी

बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्यांच्या भावाचे वरील शब्द आम्ही दोघांनी स्वतःच्या कानांनी ऐकले.
(सही) घरचे डॉक्टर
(सही) तळमजल्यावरचे शिंपी